न वापरलेल्या इंटरनेटचं देणं

कर्ज म्हटलं की कुणीतरी कुणालातरी पैसे दिलेले असणार, हे आपण धरूनच चालतो. पण असंही एक देणं आपल्या आजूबाजूला रोज जन्माला येतं, ज्यात एक रुपयाही कुणी कुणाला दिलेला नसतो. वापरलेलं काही नसतं, सही केलेली नसते, मागितलेलंही काही नसतं. तरी ते महिन्याच्या महिन्याला वाढतं. त्यावर सरकारचा कर बसतो. पुढे ते वकिलाच्या लेटरहेडवर चढतं, आणि कधीकधी तुम्ही गृहकर्ज मागायला बँकेत जायच्या आधीच तिथे जाऊन बसलेलं असतं.

हे होतं कसं? एक उदाहरण घेऊ. कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारं जोडपं, नवऱ्याची बदली हैदराबादला. टेम्पो खाली उभा, खोकी बांधायची घाई. त्या गडबडीत बायको इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावते. पलीकडून उत्तर येतं, “मॅडम, तुमची रिक्वेस्ट नोंदवली आहे, आमचा माणूस कॉल करेल.” तो कॉल येत नाही. पांढरा डबा भिंतीवरच राहतो, किल्ली घरमालकाकडे जाते, आणि कुटुंब हैदराबादला. प्लॅन 599 रुपयांचा, पोस्टपेड. 18 टक्के जीएसटी धरून महिन्याला 706 रुपये 82 पैसे. आठ महिन्यांनी अनोळखी नंबरवरून फोन येतो, “मॅडम, तुमचं पेमेंट पेंडिंग आहे.” रक्कम 5,654 रुपये 56 पैसे. त्यातले 862 रुपये 56 पैसे निव्वळ जीएसटी! जी सेवा कुणी घेतलीच नाही, तिच्यावरचा कर.

हा आकडा कुणा माणसाने ठरवलेला नाही, आणि बहुतेक वेळा त्यामागे कुणाची लबाडीही नसते. तो आला कुठून, हे समजून घ्यायला त्या भिंतीवरच्या डब्यापासून सुरुवात करावी लागते.

डब्यात शिरणारी पिवळी किंवा पांढरी बारीक वायर म्हणजे काचेचा धागा. त्याच्या ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो, तो जेमतेम 9 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. हा धागा थेट कंपनीपर्यंत जातो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो खांबावरच्या किंवा जिन्याखालच्या एका छोट्या पेटीत जातो. तिथे एकाच धाग्यातला प्रकाश 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. या वाटणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. नुसती काच प्रकाशाचे भाग पाडते.

मग माझा सिनेमा शेजाऱ्याच्या घरी कसा जात नाही? तो जातोच! त्या पेटीखालच्या प्रत्येक घरात प्रत्येकाचा प्रकाश पोचतो. फक्त तो कुलूपबंद असतो, आणि प्रत्येक डबा आपल्या नावचा तेवढा उघडतो, बाकीचा सोडून देतो. “आपल्या नावचा” म्हणजे काय? डबा उलटा करून बघा. मागच्या स्टिकरवर बारकोडखाली बारा खुणांचा एक क्रमांक असतो. पहिली चार अक्षरं कंपनीची, पुढची आठ त्या एका डब्याची. कंपनीच्या केंद्रातल्या यंत्रात हाच क्रमांक नोंदलेला असतो, आणि ते यंत्र तुमच्या डब्यापर्यंत प्रकाशाला जायला-यायला लागणारा वेळ सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजून तुमचं अंतरसुद्धा ओळखून असतं.

म्हणजे कनेक्शन बंद करायला कुणाला खांबावर चढावं लागत नाही. वायर कापावी लागत नाही. त्या यंत्रातली एक ओळ पुसली की झालं. दोन-चार सेकंदांचं काम.

तरीही आठ महिने बिल येत राहतं. कारण प्रकाशाच्या या यंत्राला पैशातलं काही कळत नाही, आणि पैशाच्या यंत्राला प्रकाशातलं. दूरसंचार कंपन्यांमध्ये ही दोन वेगळी जगं असतात. एक जग नेटवर्क चालवतं, दुसरं ग्राहक, प्लॅन आणि बिलं सांभाळतं. दोन्ही बऱ्याचदा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी बांधलेली असतात, आणि निरोपांच्या साखळीने जोडलेली असतात. आपण वॉचमनला सांगून गावाला निघून जावं आणि दूधवाल्याने मात्र दाराला रोज पिशवी टांगत राहावं, तसं इथे होतं. वॉचमनने आपलं काम चोख केलेलं असतं, दूधवाल्यानेही.

तुमच्या एका “बंद करा”मागे किती निरोप धावायला हवेत, बघा. कस्टमर केअरच्या संगणकात विनंती नोंदवली जाते. ती आधी ग्राहकाला थांबवायचा प्रयत्न करणाऱ्या विभागाकडे जाते. तिथून होकार आला की बंद करण्याची ऑर्डर तयार होते. ती नेटवर्कला सांगते, ओळ पुसा. बिलिंगला सांगते, आजपर्यंतचे दिवस मोजून शेवटचं बिल काढा. गोदामाला सांगते, अमुक क्रमांकाचा डबा परत आणा. डबा आला की अनामत परत, खातं बंद. यातला एक निरोप जरी मध्ये अडकला, तर ऑर्डर तशीच लटकत राहते. या धंद्यातली माणसं याला ऑर्डर फॉलआउट म्हणतात, आणि अशा लटकलेल्या ऑर्डरी शोधून पुढे ढकलायला वेगळी माणसं ठेवावी लागतात. आपल्या जोडप्याची विनंती पहिल्याच पायरीवर थांबली होती, कारण “आमचा माणूस कॉल करेल” यातला कॉल ही पुढच्या पायरीची किल्ली होती. महाराष्ट्रात यात आणखी एक वळण असतं. अनेक ठिकाणी कनेक्शन कंपनीचं, पण ते जोडून देणारा गल्लीतला केबलवाला. लोक त्याला तोंडी सांगून मोकळे होतात. त्याला सांगितलेलं कंपनीच्या संगणकाला कळतंच असं नाही.

इथे मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे गप्प बसण्याचा अर्थ. प्रीपेड इंटरनेटमध्ये तुम्ही गप्प बसलात, म्हणजे पुढचा महिना भरला नाहीत, की सेवा आपोआप थांबते. पोस्टपेडमध्ये तुम्ही गप्प बसलात की सेवा आपोआप चालू राहते. तेच घर, तोच डबा, तोच प्रकाश. मौनाचा अर्थ तेवढा बरोबर उलटा! आणि बिल वापरावर नसतं, काळावर असतं. खातं “चालू” या शब्दाखाली उभं आहे तोवर महिना भरला की पुढचं बिल तयार. घर रिकामं आहे, डब्याचा प्लग काढलेला आहे, हे बिलिंगच्या यंत्राला कुणी विचारायला सांगितलेलंच नसतं.

पण प्लग काढला होता, हे कुणालाच माहीत नसतं का? माहीत असतं, आणि इथून गोष्ट तुमच्या बाजूने वळते. तुमचा राउटर इंटरनेटला जोडला जातो तेव्हा अनेक कंपन्यांमध्ये तो आधी एका दारावरच्या सर्व्हरला आपली ओळख सांगतो. ही पद्धत रेडियस नावाची, अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टन नावाच्या कंपनीने 1991 साली टेलिफोनवरून इंटरनेट जोडणाऱ्यांसाठी बनवलेली, आणि आजही जगभर चालू असलेली. हा सर्व्हर तीन कामं करतो. तुम्ही कोण ते तपासतो, तुम्हाला काय द्यायचं ते ठरवतो, आणि तिसरं म्हणजे हिशेब लिहितो. तुम्ही जोडले गेलात की “सुरू”, मधूनमधून “अजून चालू, इतका डेटा गेला”, आणि तुटलात की “बंद”. प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ.

म्हणजे कोथरूडच्या त्या घरातून शेवटचा डेटा कधी गेला, हे कंपनीच्याच सर्व्हरवर सेकंदापर्यंत लिहून ठेवलेलं असतं. आणि ते पुसायची कंपनीला लगेच मुभाही नसते. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने डिसेंबर 2021 मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या आणि अशा नोंदी किमान दोन वर्षं जपणं बंधनकारक केलं. कारण सुरक्षेचं होतं. पण त्या बदलाने न वापरलेल्या इंटरनेटचा पुरावाही दोन वर्षं जिवंत राहतो! तुमच्या वादात हा कागद सोन्याच्या मोलाचा आहे. तो लेखी मागा, आणि दोन वर्षांच्या आत मागा. कंपनीने दिला नाही तर ग्राहक आयोग तो मागवू शकतो. करारात पोस्टपेडचं भाडं वापर असो-नसो लागतं, हे कंपनी म्हणेल, आणि ते खरंही आहे. म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही. बंद करायला सांगितल्याची तारीख आणि तेव्हापासूनचा शून्य वापर, ही जोडी हवी.

आता त्या 5,654 रुपयांच्या मागे जाऊ. पहिले काही महिने ते कंपनीच्या आतच असतात. एसएमएस, ईमेल, मग फोन. जुन्या ईमेलवर किंवा बंद पडलेल्या नंबरवर हे सगळं गेलं, तर तुम्हाला पत्ताही नसतो. काही महिन्यांनी ही थकबाकी वसुली करणाऱ्या एजन्सीकडे जाते. एजन्सी सहसा कमिशनवर काम करते. जेवढं वसूल होईल त्याचा हिस्सा तिचा. म्हणून फोन करणाऱ्या मुलाच्या समोरच्या पडद्यावर तुमचं नाव, नंबर आणि एक आकडा असतो. तुमची कस्टमर केअरशी झालेली बोलणी, तक्रार क्रमांक, रिकामं घर, यातलं काही तिथे पोचलेलं नसतं. त्याच्यावर आवाज चढवून काही साधत नाही. त्याच्याकडे ते मिटवायचा अधिकारही नसतो. त्याच्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात, एजन्सीचं नाव आणि दाव्याचा तपशील, दोन्ही लेखी.

मग एखाद्या दिवशी व्हॉट्सॲपवर लोकअदालतीची नोटीस येते, आणि घरातली वडीलधारी माणसं हादरतात. कोर्टाचं नाव, अशोकस्तंभ, तारीख, वेळ. ही नोटीस खरी असू शकते. राष्ट्रीय लोकअदालतीत बँकांची, वीज आणि फोनच्या बिलांची प्रकरणं दावा दाखल व्हायच्या आधीच ठेवता येतात. त्यांना दाखलपूर्व प्रकरणं म्हणतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालची ही व्यवस्था मला आपल्या न्यायपद्धतीतली एक विलक्षण गोष्ट वाटते. या लोकअदालतीला तुमच्या संमतीशिवाय काहीही ठरवता येत नाही. तडजोड झाली नाही, तर प्रकरण होतं तिथे परत जातं. पण तडजोडीवर तुम्ही सही केलीत, तर तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा मानला जातो, आणि त्याच्यावर अपील नाही. तुमच्या सहीआधी काहीच ताकद नाही, सहीनंतर सगळी. एक सावधगिरी मात्र हवी. नोटीस “स्थायी” लोकअदालतीची असेल तर वेगळं. सार्वजनिक सेवांच्या वादात ती तडजोड न झाल्यास निकालही देऊ शकते. तिथे गैरहजर राहू नका.

अटकेची धमकी आली तर? बिल थकणं ही दिवाणी बाब आहे. त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत.

सही. या शब्दापाशी आता थांबायला हवं, कारण पुढची गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात घडली आहे आणि तिचा आजच्या फोनशी थेट संबंध आहे.

भारतात देणं कोर्टातून वसूल करायला मुदत असते. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अशा बिलांसाठी ती साधारणपणे तीन वर्षं, आणि प्रत्येक बिलाची तीन वर्षं आपापल्या तारखेपासून धावतात. तीन वर्षं संपली की देणं मरतं? इथे कायदा फार बारीक फरक करतो. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या न दिलेल्या वेतनावरून निघालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली हे स्पष्ट केलं. मुदत संपली की कोर्टाचं दार बंद होतं, पण देणं उरतंच. देणं आहे आणि वसूल करता येत नाही! आत्मा आहे आणि देह नाही, अशी ही अवस्था.

आणि त्या आत्म्याला देह परत मिळू शकतो. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी, सहीनिशी कबुली दिली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मोजायला सुरुवात होते. काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची सहीची नोंद असली, तरी तेच. मुदत संपून गेल्यावरही “मी हे देईन” असं सहीनिशी लिहून दिलं, तर 1872 चा करार कायदा त्याला नवा, पूर्ण वैध करार मानतो. ईमेलसुद्धा लेखी कबुली ठरू शकतो. म्हणून “सर, सध्या पाचशे भरा, बाकीचं बघू” किंवा “फक्त मेल करा की पुढच्या महिन्यात देतो” हे वाक्य जेवढं मवाळ वाटतं, तेवढं ते नसतं.

ही युक्ती नवी नाही. 1859 साली इंग्रजांनी मुदतीचा कायदा आणला. सावकाराच्या कर्जरोख्याला तीन वर्षांचीच मुदत. हेतू चांगला होता, वर्षानुवर्षं व्याज चढून रयत बुडू नये. झालं काय? दर तीन वर्षांनी सावकार कुणब्याला बोलावून नवा रोखा लिहून घेऊ लागले. जुनी मुद्दल आणि जुनं व्याज मिळून नवी मुद्दल, तिच्यावर नवं व्याज. देणं मरू नये म्हणून ज्याच्यावर देणं आहे त्याच्याच अंगठ्याने त्याला दर तीन वर्षांनी नवा जन्म! लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला आपण कशावर अंगठा उठवला, हे कळायचंही नाही. पैसे भरल्याची पावतीही अनेकदा मिळायची नाही.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोक उठले. बाजारपेठेचं गाव, सावकारांची दुकानं. गावकऱ्यांनी मागितलं काय? रोखे आणि खातेवह्या. हाती लागल्या त्या जाळल्या. उठाव अहमदनगरपर्यंत पसरला, तेव्हा जागोजागी हेच चित्र होतं, माणसांपेक्षा कागदांवर राग. किती नेमकी समज होती त्या शेतकऱ्यांची! त्यांना कायद्याची पुस्तकं वाचता येत नव्हती, पण देणं कुठे राहतं हे पक्कं ठाऊक होतं. देणं तिजोरीत राहत नाही, नोंदीत राहतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला. 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्याने कोर्टांना सांगितलं, नुसता रोखा बघून निकाल देऊ नका, मागे जा, पहिल्या व्यवहारापासूनचा हिशेब उलगडा. आणि सावकाराला सांगितलं, पावती द्या. दीडशे वर्षांनंतर एका इंटरनेट बिलाच्या वादात ग्राहकाने नेमक्या याच दोन गोष्टी मागायच्या असतात. पहिल्या महिन्यापासूनचा उतारा, आणि पावती.

आजच्या खातेवह्या मात्र जाळता येत नाहीत. त्यातली सगळ्यात लांब हात असलेली वही म्हणजे क्रेडिट ब्युरोची. सिबिल 2000 साली स्थापन झालं. आज देशात असे चार ब्युरो आहेत. त्यांच्याकडे फक्त बँकांची कर्जं असतात, असा समज आहे. पण त्यांच्या खात्यांच्या प्रकारांत मोबाइल, लँडलाइन आणि ब्रॉडबँड हेही प्रकार आहेत. सगळ्याच इंटरनेट कंपन्या थकबाकी तिथे कळवत नाहीत, पण कळवली तर पाच हजारांचं बिल पन्नास लाखांच्या गृहकर्जाशेजारी एकाच तक्त्यात बसतं. गेल्या 36 महिन्यांची चौकट, प्रत्येक महिन्यापुढे किती दिवस उशीर झाला त्याचा आकडा, आणि शेवटी 300 ते 900 मधला एक गुण.

यात एक चमत्कारिक विसंगती आहे. कोर्ट तीन वर्षांनी दार लावतं. ब्युरोने मात्र माहिती किमान सात वर्षं ठेवावी, असा नियम आहे. म्हणजे कायद्याने ज्याची वसुली सोडून दिली, ते देणं बँकेच्या पडद्यावर त्यानंतरही दिसू शकतं.

म्हणून “अर्धे भरा, सेटल करून टाकतो” ही ऑफर घेताना जपून. ब्युरोच्या भाषेत पूर्ण मिटलेलं खातं “क्लोज्ड” असतं आणि कमी पैशांत मिटवलेलं “सेटल्ड”. पुढचा कर्ज देणारा “सेटल्ड” वाचून म्हणतो, या माणसाने पूर्ण देणं फेडलं नव्हतं. जे देणं तुमचं नव्हतंच, त्याचे अर्धे पैसे भरून तुम्ही ते तुमचं होतं असं लिहून घेता! चुकीच्या बिलाला सेटलमेंट हा उपायच नाही. बिल रद्द व्हायला हवं, आणि नोंद दुरुस्त व्हायला हवी. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीच्या नोंदीवर तिथेच ऑनलाइन हरकत घेता येते. ती हरकत निकाली काढायला 30 दिवसांची मुदत आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आदेशाप्रमाणे उशीर करणारी बँक किंवा ब्युरो तक्रारदाराला दिवसाला 100 रुपये देणं लागतो.

मग त्या कोथरूडच्या बाईंनी करायचं काय? आधी जुना फोन उघडून कॉल लॉग शोधायचा, ज्या दिवशी कस्टमर केअरला फोन केला त्याचा स्क्रीनशॉट. “रिक्वेस्ट नोंदवली”चा एसएमएस असेल तर उत्तमच. घर सोडल्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार, टेम्पोचं बिल, हैदराबादचा नवा करार. मग कंपनीला ईमेल, मराठीत लिहिला तरी चालेल, पण तारखा चोख हव्यात. त्यात एक वाक्य अगदी स्पष्ट असावं, “ही रक्कम मला मान्य नाही.” हे वाक्य कबुलीच्या बरोबर उलटं आहे, आणि तेही कागदावरच लागतं. ज्या दिवशी बंद करायला सांगितलं, तिथपर्यंतचे दिवस प्रामाणिकपणे मोजून तेवढे मात्र द्यायचे, कारण ते खरंच देणं आहे. डबाही परत करायचा, आणि पावतीवर त्याचा तो बारा खुणांचा क्रमांक लिहून घ्यायचा. डबा हरवला असेल तर त्याची किंमत मागण्याचा कंपनीला हक्क आहे.

कंपनीने तक्रारीचा क्रमांक द्यायलाच हवा. समाधान झालं नाही तर कंपनीतच असलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, फी न भरता. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार त्याने 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं आणि तिथे पत्रं पाठवण्यात त्यांचे महिने जातात.

आणि शेवटचं दार ग्राहक आयोगाचं. हे दार काही वर्षं बंद होतं, आणि ते बंद ठेवणारा कायदा कुठला, तर 1885 चा तार कायदा! त्यात 1957 साली घातलेल्या एका कलमाने बिलांचे वाद लवादाकडे पाठवले होते, आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमाच्या आधारे ग्राहक मंचाला, म्हणजे आजच्या ग्राहक आयोगाला, टेलिफोनच्या बिलाच्या वादातून बाहेर ठेवलं. मग अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाचं प्रकरण वर गेलं. महिन्याला सरासरी 555 रुपये भरणाऱ्या या माणसाला एका महिन्याचं बिल आलं होतं 24,609 रुपयांचं. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दूरसंचार ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येईल. एका बिलाने देशभरच्या ग्राहकांचं दार उघडलं. तक्रार ऑनलाइन दाखल होते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, म्हणजे आपल्या जोडप्याला पुण्याला यायची गरज नाही. वकील लागत नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. मुदत दोन वर्षांची. तक्रारीत आणखी एका गोष्टीचा आधार घेता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये 13 फसव्या डिजिटल क्लृप्त्यांची यादी काढली. सेवा सुरू करणं एका बटणावर आणि बंद करणं भूलभुलैयात, ही त्यातली एक आहे.

शेवटी हातात दोन कागद पडायला हवेत. शून्य रुपयांचं अंतिम बिल, आणि खातं अमुक तारखेला बंद झालं व काही येणं नाही असं लिहिलेलं नो ड्यूज सर्टिफिकेट. फोनवरचं “झालं मॅडम, क्लोज केलं” यांची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही कागद पीडीएफ करून स्वतःला ईमेल करून ठेवा. दोन महिन्यांनी ब्युरोचा अहवाल काढून नोंद गेली का ते बघा, आणि ते कागद निदान सात वर्षं टाकू नका.